रबर ब्रिजची स्पर्धा घेताय तर हौशी माणसाला टिकू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्त्यांच्या ब्रिजच्या स्पर्धा म्हटलं की हल्ली सगळीकडे डुप्लिकेटच, आणि त्यात वाईट काही नाही, एकच वाटप सगळ्या टेबलांवर फिरतं त्यामुळे नशिबाचा भाग कमी होतो हे मान्य. पण सुट्टीच्या दिवशी चौघं जमून खेळणारे जे हजारो लोक आहेत ना, ते खेळतात रबर, म्हणजे जी जोडी आधी दोन गेम जिंकेल तिचा रबर (बोलून केलेल्या हातांचे 100 मार्क झाले की एक गेम), आणि त्यांच्यासाठी स्पर्धा कुणी घेतच नाही. घेतली तरी नियम असे ठेवतात की नवखा माणूस एकदा येतो आणि परत फिरकत नाही.

मी स्वतः बघितलेली गोष्ट सांगतो. एका स्पर्धेत शेजारच्या टेबलावर एक बाई चार बदामांचा कॉल (बदाम हुकूम, दहा हात करायची बोली) खेळत होत्या, तेवढे हात अगदी व्यवस्थित होत होते. मध्येच किलवरची उतारी आली आणि त्यांनी हुकूम मारला. किलवरची पंजी हातातच होती, इस्पिकांच्या मध्ये जाऊन बसली होती, दोन्ही काळी पानं, दिसलीच नाही. रिव्होक झाला, म्हणजे उतारीचं पान हातात असून दुसरंच खेळलं गेलं, त्याच्या दंडात दोन हात कापले गेले, कॉल बुडाला, आणि मग पार्टनर सगळ्यांसमोर पाच मिनिटं बोलत राहिला. वास्तविक तो डमी, म्हणजे पानं टेबलावर उघडी मांडून बसलेला, होता, आणि "किलवर संपलं का?" एवढं विचारायचा डमीला नियमानेच हक्क आहे, पुढची उतारी व्हायच्या आत विचारलं असतं तर पान बदलता आलं असतं आणि काहीच बिघडलं नसतं. चहाच्या सुट्टीनंतर त्या बाई आल्याच नाहीत. मला ते अजून टोचतं.

म्हणून स्पर्धा भरवणाऱ्यांना मनापासून सांगणं आहे की जोड्या ठरवून बोलवू नका. एकेकट्याला येऊ द्या, चिठ्ठ्या टाकून चौघांचं टेबल करा आणि तीन रबर खेळवा, प्रत्येक रबरला पार्टनर बदलायचा, म्हणजे प्रत्येक जण बाकीच्या तिघांचा एकेकदा पार्टनर होतो आणि मार्क ज्याचे त्याच्या नावावर. ही जुनीच पद्धत आहे, पिव्हट म्हणतात. याने दोन गोष्टी होतात, एक तर पार्टनर मिळत नाही म्हणून घरी बसणारा येतो, आणि दुसरं म्हणजे ज्याला आत्ता झापाल तोच पुढच्या रबरला समोर प्रतिस्पर्धी म्हणून बसणार असतो, मग बोलणं आपोआप जपून होतं.

आयोजक लगेच म्हणतात रबरला वेळेचा भरवसा नाही. खरंय, दोन वाटपांत संपू शकतो आणि अर्धवट गेमांवर अडकला तर दहा वाटपं झाली तरी संपत नाही. पण त्याची सोय नियमांत आहेच की! घंटा द्या, चालू वाटप पुरं करा आणि थांबा. ज्यांचा एक गेम झालाय त्यांना 300, आणि चालू गेममध्ये ज्यांचे अर्धवट मार्क आहेत त्यांना 100. पूर्ण रबरचे 2-0 असेल तर 700 आणि 2-1 असेल तर 500 हे तर सगळ्यांना माहीतच असतं. तेही नको असेल तर शिकागो खेळवा, चार वाटपांत हिशोब पुरा.

डबलचं मात्र बघायला हवं. व्हल्नरेबल (म्हणजे आपला एक गेम झालेला) असताना डबल झालेला (प्रतिस्पर्ध्याने दंड वाढवलेला) कॉल चार हातांनी बुडाला की 1100 जातात, आणि नवख्याची अख्खी स्पर्धा त्या एका वाटपात संपते. माझं मत विचाराल तर एका रबरमधला फरक जास्तीत जास्त 1500 धरावा, वरचे सोडून द्यावेत. जाणकार नाक मुरडतील, मुरडू देत.

कन्व्हेन्शनचंही, म्हणजे बोलीतल्या सांकेतिक अर्थांचंही तेच, स्टेमन आणि ब्लॅकवुड ही दोन नेहमीची पुरे. समोरच्याने दोन किलवर म्हटल्यावर त्याचा अर्थ काय हे समजून घ्यायलाच दहा मिनिटं जाणार असतील तर हौशी माणसाने खेळायचं कधी? मार्कांचा तक्ता प्रत्येक टेबलावर छापून ठेवा, सहाच्या वरच्या दर हाताला किलवर-चौकटचे 20, बदाम-इस्पिकचे 30, बिनहुकमीचा पहिला 40 मग 30, रेषेखाली काय (बोललेल्या हातांचे मार्क) आणि वर काय (बाकीचे बोनस आणि दंड), सगळं. विचारायला लाज वाटते हो लोकांना, आणि तक्ता असला की विचारावं लागत नाही. पैसे लावून तर अजिबात नको, त्यावर जास्त बोलत नाही.

एक राहिलंच, चारने भाग न जाणारी माणसं आली तर शेवटच्या दोघा-तिघांना परत पाठवतात, असं करू नका. आयोजकांपैकी तीन जणांनी बदली म्हणून तयार राहावं, कमी पडतील तिथे बसावं आणि त्यांचे मार्क धरू नयेत. माझ्या ओळखीत कुणी अशी स्पर्धा घेत असेल तर बदली बसायला आणि स्कोअर लिहायला मी दिवसभर यायला तयार आहे.

आपला,
एक रबर खेळणारा वाचक