चर्चजवळची डबी जपणाऱ्यांचे आभार

गावातल्या जुन्या चर्चजवळचा जिओकॅश, म्हणजे जीपीएसच्या मदतीने शोधायची लपवलेली डबी, काल सापडला. तुमची नावं ठाऊक नाहीत, म्हणून इथेच मनापासून आभार.

डबी लपवणाऱ्याने भिंतीचा एकही दगड हलवला नाही. थडग्यांपासून दूर, कुंपणाबाहेर झाडाच्या मुळाशी जागा निवडली. केवढी समज! भिजलेली वही बदलून कोणीतरी कोरडी ठेवलेली, सोबत टोक केलेली पेन्सिल. ओलीत शाई पसरते, पेन्सिल टिकते.

दाट झाडीत जीपीएस काही मीटर चुकतं. मी भलतीकडेच शोधत होते, तेव्हा फाटकापाशी बसलेल्या आजी म्हणाल्या, "शोधणारे त्या बाजूला जातात, बाळा."

3 मे 2000 रोजी अमेरिकेत ओरेगॉनमध्ये पहिली डबी ठेवली गेली, तेव्हापासून हा खेळ अनोळखी माणसांच्या भरवशावर चाललाय. तुमच्यासारख्यांच्याच.

शोधणारे करतात तशी वहीत सही केली, झाकण घट्ट लावलं, पाला होता तसा पसरला.