भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण

महोदय,
भूत आहे की नाही यावर आमच्या दांडिया बाजारात गप्पा रंगतात, त्यात गैर काही नाही. दाराला लिंबू-मिरची बांधणाऱ्याशीही माझे भांडण नाही. पण आजारी माणसाला ‘बाधा झाली’ म्हणत भुव्यापुढे, म्हणजे भूत उतरवणाऱ्या मांत्रिकापुढे बसवतात, धुरी देतात, मारतात, तेव्हा गप्प बसणे मला पाप वाटते. आणि हे सोसते बहुधा घरातली सूनच.

रात्री जाग येते, छातीवर कोणी बसल्यासारखे वाटते, हात हलत नाही, ओरडता येत नाही. हे सांगणारी बाई खोटे बोलत नसते. स्वप्नांच्या झोपेत शरीराचे स्नायू आपोआप सैल पडतात. कधी मेंदू आधी जागा होतो, स्नायू मागे राहतात आणि स्वप्नातल्या आकृती उघड्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. अपुऱ्या झोपेने, ताणाने हे वाढते. तिला विश्रांती हवी, डॉक्टर हवा.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला. गुजरात विधानसभेनेही ऑगस्ट २०२४ मध्ये तसा कायदा मंजूर केला. भूत उतरवण्यासाठी मारहाण केल्यास ६ महिने ते ७ वर्षे कैद होऊ शकते. आपल्या किती घरांत हे ठाऊक आहे? येत्या गणेशोत्सवात मंडळांनी मंडपात या कायद्याचा फलक मराठी-गुजरातीत लावावा. कारेलीबागेतल्या सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालयाचा पत्ताही त्यावर ठळक असावा.

– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे