नसबंदी घरच्या कुत्रीचीही हवी

महोदय,

भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीवर वृत्तपत्रांत सतत लिहून येते. घरी पाळलेल्या कुत्रीचा विषय मात्र कोणी काढत नाही. २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनीही तो मालकाच्या मर्जीवर सोडला आहे. पण इथे प्रश्न पिल्लांचा नसून तिच्या जिवाचा आहे.

माज येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत नसबंदी न झालेल्या मादीच्या गर्भाशयात पू होऊ शकतो. डॉक्टर त्याला पायोमेट्रा म्हणतात. मादी गाभण राहो वा न राहो, माजानंतर सुमारे दोन महिने तिच्या अंगात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) वाढलेले असते. त्याने गर्भाशयाचे अस्तर जाड होते, तोंड मिटते आणि आत शिरलेले जंतू, बहुतेक वेळा ई. कोलाय, तिथेच फोफावतात. स्वीडनमधल्या श्वानविम्याच्या नोंदींत नसबंदी न झालेल्या साधारण चौघींपैकी एकीला वयाच्या १० वर्षांपर्यंत हा आजार झालेला आढळला.

कुत्री भांडेच्या भांडे पाणी पिते, सारखी लघवीला जाते, खाणे सोडते, उलट्या करते. पू बाहेर येत असेल तर निदान शंका तरी येते. गर्भाशयाचे तोंड बंद असेल तर बाहेर काहीच दिसत नाही, फक्त पोट फुगते. आमच्या गल्लीतली एक वयस्क लॅब्रेडॉर ‘गाभण असेल’ म्हणून घरच्यांनी वाट पाहिली आणि त्यातच ती गेली. फार वाईट वाटले. अशा वेळी खात्रीचा उपाय म्हणजे गर्भाशय आणि अंडाशय काढणे. तरुण, धडधाकट कुत्रीला नसबंदी म्हणून जी शस्त्रक्रिया सहज सोसते, तीच अंगात विष भिनलेल्या म्हातारीवर करायला डॉक्टरांचाही हात कचरतो.

‘एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत’ या समजुतीला वैद्यकीय आधार नाही. माज लांबवण्यासाठी प्रोजेस्टेरॉनसारख्या औषधाचे जे इंजेक्शन देतात, त्याने तर हा धोका वाढतो.

२८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाला ठिकठिकाणी मोफत लसीकरण होते. तिथेच मालकांना हे समजावून सांगावे आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पाळीव माद्यांच्या नसबंदीसाठी आठवड्यातला एक दिवस ठरवून द्यावा, अशी पशुसंवर्धन विभागाला कळकळीची विनंती आहे. ज्यांच्या कुत्रीची नसबंदी झालेली नाही, त्यांनी माजाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. पुढचे दोन-तीन महिने तिचे पाणी पिणे वाढले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठून ती तारीख सांगावी.

— एक श्वानपालक, सातारा