धागा कुठून कुठे जातो, ते आधी विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात ‘पोलादापेक्षा मजबूत छापील पाय’ अशा मथळ्याची बातमी आली. एका ट्रस्टच्या देणगीतून आपल्या भागातल्या एका केंद्राला कार्बन फायबर छापणारा थ्री-डी प्रिंटर मिळणार, कृत्रिम पाय आणि अधू पायाला आधार देणारे कॅलिपर आता यंत्रातूनच तयार होऊन येणार, असा तिचा सूर होता. बातमी आनंदाचीच आहे. पण चौतीस वर्षं कॅलिपर बनवण्यात गेलेल्या माझ्यासारख्याच्या गळी तो ‘पोलादापेक्षा’ काही उतरेना, म्हणून हे पत्र.

मी १९८७ साली कामाला लागलो तेव्हा आमच्याकडे मुलं यायची ती पोलिओची. लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे आणि जड बूट असा तेव्हाचा कॅलिपर. देशातला नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ सालचा. आता येतात ती सेरेब्रल पाल्सीची मुलं आणि पक्षाघातानंतर पाऊल लटकं पडलेली माणसं. त्यांना लागतो पांढऱ्या प्लॅस्टिकचा कॅलिपर. तो पोटरीमागून खाली येतो, टाचेला वळसा घालतो आणि तळव्याखाली जातो. डॉक्टर त्याला एएफओ (अँकल-फूट ऑर्थोसिस, म्हणजे घोट्या-पावलाचा आधार) म्हणतात.

तो करताना एकदा कोणीही बघावा. पायाला प्लास्टरची पट्टी गुंडाळून साचा काढायचा, त्यात प्लास्टर ओतून पायाची हुबेहूब प्रतिकृती करायची, ती कानशीने आणि जाळीच्या पॉलिश पेपरने घासायची. मग पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकची दुधी शीट ओव्हनमध्ये ठेवायची. वेळ घड्याळावर बघत नाहीत. शीट काचेसारखी आरपार दिसायला लागली की झाली. मग दोघांनी मिळून ती उचलायची, प्लास्टरच्या पायावर पांघरायची, पुढच्या बाजूला कडा चिमटून बंद करायच्या आणि व्हॅक्यूम पंप सुरू करायचा. दोन श्वासांत शीट पायाला अशी चिकटते की घोट्याचं हाडसुद्धा उमटतं. माझ्या डाव्या मनगटावर या कामाच्या तीन खुणा आहेत.

आता मुद्द्याचं. गेल्या पावसाळ्यात एक बाई पिशवीत तुटका कॅलिपर घेऊन माझ्या घरी आल्या. मुलगा सात वर्षांचा. एका ठिकाणाहून त्याला ‘कार्बन फायबरचा’ छापील कॅलिपर मिळाला होता. सात आठवड्यांनी शाळेची पायरी उतरताना तो टाचेच्या वर, घोट्याशी तुटला. मी तो हातात घेऊन खिडकीशी गेलो. नखाने खरवडलं की पत्त्यांच्या कॅटाच्या कडेसारख्या आडव्या रेषा लागत होत्या. तुटलेली जागा सुरीने कापावी तशी सपाट. धागा एकही बाहेर आलेला नाही. म्हणजे कार्बन तुटलाच नव्हता, छापताना एकावर एक चढवलेल्या थरांपैकी एक थर दुसऱ्यापासून सुटला होता, पापुद्र्यासारखा. त्या प्लॅस्टिकमध्ये होता तो कार्बनचा चुरा, मिलिमीटरभरही लांब नसलेले तुकडे. नाव मात्र फायबरचं.

कार्बनचा धागा साधारण ७ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे आपल्या केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा. लांबीच्या दिशेने ओढला तर त्याच्या वजनाच्या मानाने पोलाद त्याच्यापुढे काहीच नाही. इथवर बातमी बरोबर. पण धाग्याला आडवा जोर लावला की उरतं नुसतं प्लॅस्टिक. बांबूचंही तसंच. उभा चिरायला कोयत्याचा एक घाव पुरतो, आडवा तोडताना घाम निघतो. म्हणूनच बुरूड टोपलीसाठी बांबूच्या कामट्या काढतो आणि वळणावरून वळवत नेतो. टोपलीच्या आकाराचे चकत्यांचे थर रचून कोणी टोपली केलेली मी पाहिली नाही.

चुऱ्याऐवजी अखंड धागा छापणारा प्रिंटर बाजारात आणण्याची घोषणा मार्कफोर्ज्ड या अमेरिकन कंपनीने २०१४ साली केली. २०१६ साली जपानी संशोधकांनी प्रिंटरच्या तोटीत, म्हणजे नोझलमध्येच धागा आणि वितळलेलं प्लॅस्टिक एकत्र आणून छपाई करून दाखवली, आणि तीही कार्बनबरोबर आपल्या ओळखीच्या तागाच्या धाग्यानेसुद्धा! पण अशी बहुतेक यंत्रं सपाट थरावर सपाट थर चढवतात. धागा त्या थरातल्या थरात फिरतो, वरच्या थरात जात नाही. कॅलिपर उभा छापला तर प्रत्येक थर म्हणजे पायाचा एक आडवा काप. चालताना नडगी पावलाच्या पुढे झुकली की घोट्यामागे जो ताण येतो, तो नेमका थर सोडवायच्या दिशेने. आडवा निजवून छापला तर धागा लांबीने जातो खरा, पण टाचेच्या वळणावर पायऱ्या पडतात आणि पायरीपाशी धागा संपतो. कॅलिपर मोडतो तोही बहुधा टाचेच्या आसपासच.

यावर उपाय आहे, आणि तो नवा नाही. सपाटऐवजी वळणदार थर छापण्यासाठी नोझलची वाट कशी आखायची, यावर आपल्याच आयआयटी खरगपूरमधल्या मंडळींनी २००८ साली शोधनिबंध लिहिला. आता रोबोटच्या हातावर नोझल बसवून ती सतत पृष्ठभागाला काटकोनात ठेवतात, आणि धागा पोटरीवरून निघून टाचेला वळसा घालून तळव्याखाली अखंड जातो. विमानवाले कार्बनच्या धाग्याची तापवलेली पट्टी रोलरने दाबत साच्यावर बसवतात, हे त्यांच्याकडे बऱ्याच वर्षांचं काम आहे. साचा तर आमच्याकडे रोजच तयार असतो! मात्र प्लास्टर आधी कडक वाळवायला हवं. ओल्या प्लास्टरवर तापलेलं प्लॅस्टिक टेकलं की वाफ धरते.

यातही खोच आहे. पोटरी वर जाड, खाली बारीक. तिच्यावर बँडेज बांधताना नर्स मध्ये मध्ये पट्टी उलटवतात. नाही उलटवली तर एक कड ताणते, दुसरी ढिली राहून तिच्या चुण्या पडतात. कार्बनची पट्टी उलटवता येत नाही आणि ती ताणतही नाही. तेव्हा दोन्ही कडांची लांबी जवळजवळ सारखी राहील अशीच वाट तिला द्यावी लागते. मला बोटांनी कळतं, गणितात मांडता येत नाही. माझा पुतण्या पुण्यात कंपोझिटच्या, म्हणजे धागा आणि प्लॅस्टिक एकत्र करून केलेल्या मालाच्या, कारखान्यात आहे, तो म्हणतो की त्यांच्याकडे यासाठी स्वतंत्र सॉफ्टवेअर आणि ते चालवणारा स्वतंत्र इंजिनिअर असतो.

वितळणारं प्लॅस्टिक आम्हाला का हवं, तेही सांगतो. रेझिन ओतून केलेलं कार्बनचं सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाची उरलेला पाय बसवायची वाटी, एकदा धरलं की धरलं. रुग्णाला कुठे टोचलं तर घासण्यापलीकडे काही करता येत नाही, आणि घासताना जी काळी धूळ उडते ती अंगाला दोन दिवस खाजत राहते. पॉलिप्रॉपिलीनला हीट गन लावली, अंगठ्याने दाबलं, घोट्याला जागा झाली, मुलगा हसत गेला. थर्मोप्लॅस्टिक कार्बनही, म्हणजे वितळणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये बसवलेला धागाही, पुन्हा तापवता येतं, असं विक्रेते सांगतात. तापतं, पण धागा लांबत नाही, मग फुगवटा यायचा कुठून? तेव्हा घोट्याच्या हाडावर धागा टाकायचाच नाही, तेवढी जागा सोडून शेजारून न्यायचा. हे कॅटलॉगात मी वाचलेलं नाही.

आणखी एक. या छपाईत बऱ्याचदा नायलॉन असतं आणि ते हवेतली ओल पितं. आपल्याकडचा जुलै-ऑगस्ट डोळ्यांसमोर आणा. प्लॅस्टिकच्या तारेचं रीळ ओलं असताना छापलं की नोझलपाशी चटचट आवाज येतो आणि आत बुडबुडे राहतात. वाळवणी यंत्र देणगीच्या यादीत आहे का?

ट्रस्टच्या मंडळींना माझी विनंती एवढीच, की फीत कापण्याआधी विक्रेत्याला विचारावं: धागा अखंड की चुरा, आणि अखंड असेल तर टाचेच्या वळणावरून सलग जातो की पायरीशी तुटतो? ज्या कारागिरांनी तुटके कॅलिपर हाताळलेत, त्यांच्यापैकी एकाला तरी यंत्र चालवणाऱ्या इंजिनिअरशेजारी बसवावं. दहावी नापास असला तरी चालेल, मीही तसाच होतो.

त्या मुलाला मी जुन्या पद्धतीचा, साध्या पांढऱ्या शीटचा कॅलिपर करून दिला. त्याला तो जड वाटतो, तक्रार रास्त आहे. तुटलेला काळा कॅलिपर माझ्याकडेच कपाटावर आहे. ट्रस्टपैकी कोणाला तो बघायचा असेल तर संध्याकाळी पाचनंतर मी घरीच असतो. पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे. येताना भिंग आणावं, माझ्या भिंगाची काच फुटली आहे.

(संबंधितांची ओळख पटू नये म्हणून नाव छापू नये, ही विनंती.)

– एक निवृत्त कॅलिपर कारागीर, मिरज