चालकाचे नियंत्रण सुटल्याने... : केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री,
नवी दिल्ली.

सविनय नमस्कार.

मी कुडाळ तालुक्यातला. 31 वर्षं एसटीत ड्रायव्हरकी करून निवृत्त झालो. विमानात आयुष्यात चारदा बसलो, त्यातल्या चौथ्या वेळेबद्दल हे पत्र आहे.

गेल्या महिन्यात डोंबिवलीला मुलीकडे होतो. गुरुवारी दुपारी गावाहून फोन आला, थोरले भाऊ गेले. रेल्वेचं तिकीट मिळेना, आमच्या जिल्ह्यातल्या चिपी विमानतळाला त्या दिवशी विमान नव्हतं, म्हणून जावयाने गोव्यातल्या मोपा विमानतळाचं संध्याकाळचं तिकीट काढलं. रात्री दहापर्यंत घरी पोचतो, मयत सकाळी उचलू, असं पुतण्याला कळवलं. साडेसहाला विमानात बसवलं. दार लागलं आणि विमान जागचं हलेना. आधी सांगितलं पुढे रांग आहे, मग सांगितलं मोप्याला पाऊस आहे. पाणी मागितलं तर तेही संपलेलं. साडेनऊला वैमानिकाने कळवलं की त्याच्या ड्युटीची वेळ संपली, त्याला आता उडता येणार नाही आणि बदली वैमानिक नाही.

लोक उठले, शिव्या सुरू झाल्या. त्यांत मीही होतो, लपवत नाही. "माझा भाऊ घरात ठेवलाय आणि तू मला घड्याळ दाखवतोस?" असं मी त्याच्या तोंडावर ओरडलो. तो पुढच्या पडद्यापाशी येऊन उभा राहिला होता. तिशीतला असेल. डोळ्यांच्या कडा लाल, बोलताना एका हाताने सीटची पाठ धरलेली. म्हणाला, "काका, परवा रात्रपाळी झाली, काल दिवसा झोप लागली नाही, आज सकाळपासून हे चौथं विमान. मला आता माझाच भरवसा नाही."

मी खाली बसलो. कारण ते डोळे मी ओळखतो.

मुंबईहून भाड्याची गाडी केली. माणगावला दोन तास अडकलो. घरी पोचलो तेव्हा शुक्रवारचे बारा वाजून गेले होते, पुतण्याने अग्नी देऊन दोन तास झाले होते. ज्या भावाने मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, त्याला खांदा द्यायचा राहिला. हे दुःख कुठल्या अर्जात लिहायचं, साहेब? तिकिटाचे पैसे परत आले. त्याला काय करू?

आता डोळ्यांचं सांगतो. डिसेंबरातली रात्र, रातराणीची गाडी, काशेडी घाट, पहाटेचे चार. आदल्या दिवशी रिलीव्हर आला नाही म्हणून कंट्रोलरने मला डबल मारायला लावलेली. एका वळणावर माझे डोळे मिटले. किती वेळ, ते आजही सांगता येत नाही. कंडक्टरने पाठीवर थाप मारली, "झोप इली काय रे तुका? गाडी बाजूक घे!" समोर कठडा होता आणि हेडलाइटच्या उजेडात दरीतली झाडांची शेंडी. 46 प्रवासी झोपलेले होते. त्यांना कधीच कळलं नाही. कंट्रोलरच्या वहीतही काही लागलं नाही. गाडी खाली गेली असती तर दुसऱ्या दिवशी पेपरात आलं असतं, 'चालकाचे नियंत्रण सुटल्याने'. डबल ड्युटी लावणाऱ्याचं नाव आलं नसतं.

तेच विमानात चालू आहे, म्हणून हे पत्र. घरी बसून मी मोठ्या अपघातांचे तपास अहवाल मुलीकडून छापून घेतले, तिने अर्थ सांगितला. 22 मे 2010, मंगळूर, 158 माणसं गेली, आठ वाचली. दुबईहून निघालेल्या त्या विमानात वैमानिकांचा आवाज टिपणारं यंत्र होतं, त्यातल्या नोंदीचा पहिला सुमारे एक तास चाळीस मिनिटं कॅप्टन झोपलेला होता, घोरण्याचा आवाज त्यात आहे. उतरताना विमान हवं त्यापेक्षा उंच होतं, सहवैमानिक तीनदा म्हणाला, परत वर घ्या. कॅप्टनने ऐकलं नाही. झोपेतून उठलेल्या माणसाचं डोकं बराच वेळ जड राहतं, हे मला कुठल्या शास्त्रज्ञाने सांगायला नको. पहाटे दोन ते सहा शरीर झोपच मागतं, वर्दी कुठलीही असो.

7 ऑगस्ट 2020, कोळिकोड. पाऊस, पाठीमागून वारा, विमान धावपट्टीवर निम्म्याजवळ जाऊन टेकलं. 21 माणसं गेली. अहवाल म्हणतो, कॅप्टनला दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान न्यायचं होतं आणि त्या तळावर कॅप्टनच अपुरे होते. म्हणजे उतरायची घाई त्याच्या डोक्यात कुणी भरली? कागदावर माणसं कमी ठेवणाऱ्याने. 1977 मध्ये स्पेनच्या तेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमानं एकमेकांवर आदळली, 583 मेले. तिथेही ड्युटीचे तास संपत आल्याची धास्ती होती. दुसरं विमान धावपट्टीवरून बाजूला झालं का, अशी शंका उडू पाहणाऱ्या विमानातल्याच इंजिनिअरने काढली होती. त्याचा कॅप्टन कंपनीतला सर्वात मानाचा, त्याने ती उडवून लावली. त्यानंतर जगभर वैमानिकांना शिकवायला लागले की हाताखालच्याने बोलायचं आणि वरच्याने ऐकायचं. माझ्या कंडक्टरला हे कुणी शिकवलं नव्हतं. तो माझा शेजारी होता, म्हणून त्याची जीभ रेटली.

दहातल्या सात-आठ अपघातांत मानवी चूक असते, असं सगळीकडे छापतात. मान्य. पण झोप न झालेल्या माणसाला चालकाच्या जागेवर बसवणं ही कुणाची चूक? ती मानवी नाही का?

आणि तुमच्या खात्याने काय केलं? जानेवारी 2024 मध्ये तुमच्याच नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नियम काढला की वैमानिकाला आठवड्याला 36 ऐवजी सलग 48 तास विश्रांती आणि रात्रीच्या ड्युटीत सहाऐवजी दोनच लँडिंग. 1 जून 2024 पासून लागू होणार होता. कंपन्यांनी तोंड वाकडं केलं, तो लांबला. वैमानिकांना दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. मग जुलै 2025 आणि नोव्हेंबर 2025 अशा दोन हप्त्यांत लागू केला. डिसेंबरात देशातल्या सर्वात मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणं रद्द झाली, कारण पावणेदोन वर्षं हातात असून पुरेशी माणसं ठेवली नव्हती. आणि तुम्ही त्याच कंपनीला 10 फेब्रुवारी 2026 पर्यंत रात्रीच्या नियमांतून सूट दिलीत! ज्याने तयारी केली नाही त्याला सवलत, आणि झोप कुणाची कापली, तर त्या पोराची.

संसदेच्या समितीने 2025 च्या ऑगस्टमध्ये सांगितलं की महासंचालनालयात 1,063 मंजूर पदं, भरलेली 553. विमानांवर नजर ठेवणारेच निम्मे, मग नजर कोण ठेवतो? आणि त्याच वर्षी 12 जूनला अहमदाबादला विमान पडून 260 माणसं गेली. प्राथमिक अहवालातली दोन वाक्यं बाहेर आली आणि तपास संपायच्या आत टीव्हीवर मेलेल्या वैमानिकांना दोषी ठरवून मोकळे झाले. मेलेला माणूस उत्तर देत नाही, हे सगळ्यांच्या सोयीचं असतं.

आमच्याकडे हे नवं नाही. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडला सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल वाहून गेला आणि दोन एसट्या माणसांसकट गेल्या. पूल धोक्याचा नाही असं कागद म्हणत होता. मुंबई-गोवा महामार्गाचं काम 2011 पासून चाललंय, आमच्या किती पिढ्या त्या खड्ड्यांत जाणार? रस्ता धड असता तर मला विमान लागलंच नसतं. रेल्वे असो, एसटी असो, विमान असो, गाडी हाकणारा तेवढा कागदावर सापडतो. वरचा सापडत नाही. तुमच्या खुर्चीत आज तुम्ही आहात, उद्या दुसरे येतील, तरी नाही सापडणार, असं मला आता वाटू लागलंय.

तरी मागतो. विश्रांतीच्या नियमातली प्रत्येक सूट, कुणाला, किती दिवस, कुणाच्या सहीने, हे लोकांना वाचता येईल असं प्रसिद्ध करा. अपघाताच्या अहवालात वैमानिकाच्या आधीच्या सात दिवसांच्या ड्युटीसोबत ती ड्युटी लावणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव छापा. "मी थकलोय, उडणार नाही" असं म्हणणाऱ्याचा पगार आणि बढती कापली जाणार नाही, हे लेखी द्या.

त्या रात्री दोनशेजणांच्या शिव्या खाऊन जो पोरगा नाही म्हणाला, त्याला कंपनीने नंतर काय केलं असेल, ते मला माहीत नाही. त्याचं नावही मी विचारलं नाही. तुमच्याकडे नोंद असेल तर एवढा निरोप पोचवा, की मधल्या रांगेतला म्हातारा त्याची माफी मागतो.

आपला,
एक निवृत्त एसटी चालक,
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग