तालुका दवाखान्यातली रिकामी खाट

महोदय,

तालुका दवाखान्यात निम्म्या खाटा रिकाम्या असतात, डॉक्टर बसून असतात. त्यापेक्षा ती माणसे बेळगावला हलवून एकच मोठा दवाखाना करा, असा सूर अधूनमधून निघतो. बाकीच्या उपचारांना हा हिशेब चालेल. तातडीच्या उपचारांना चालत नाही.

अत्यवस्थ पेशंट वेळापत्रक बघून येत नाहीत. विभागात सरासरी ४ पेशंट असतात म्हणून ४ खाटा ठेवल्या, तर साधारण तीनातल्या एका दिवशी जागा अपुरी पडते. ही वेळ पन्नासात एकदाच यावी असे वाटत असेल तर ८ खाटा हव्यात, म्हणजे निम्म्या रिकाम्या. विभाग मोठा असेल, सरासरी ६४ पेशंटांचा, तर तेवढ्याच खात्रीला ८० खाटा पुरतात. पाचातली एकच रिकामी. चढउतार सरासरीच्या वर्गमुळाने वाढतो, सरासरीच्या पटीत नाही. मोठ्या दवाखान्याची ही काटकसर खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. (बस उलटली किंवा यल्लम्माच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली की पेशंट एकदमच येतात, तिथे हे गणितही तोकडे पडते.)

दुसरा खर्च माणसांचा. आठवड्याचे तास १६८, एकाची ड्युटी ४८ तासांची. एक खुर्ची रात्रंदिवस भरलेली ठेवायला साडेतीन माणसे, रजा धरून पाच तरी लागतात. सिझरसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ अशा तीन खुर्च्या. महिन्याला सिझर १० होवोत की ६०, पगार तोच. भूलतज्ज्ञाचे पद एकच असेल तर त्याच्या रजेच्या दिवशी बाकीचे दोघे असून नसल्यासारखे, आणि नातेवाइकांना ऐकावे लागते, ‘पुढे न्या.’

हे ‘पुढे’ किती महाग पडते ते दवाखान्याच्या वहीत चढत नाही. खानापूरच्या जंगलातल्या कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात पावसाळ्यात झाड कधी आडवे होईल सांगता येत नाही. रुग्णवाहिकेतले ऑक्सिजनचे लहान सिलिंडर १,५०० लिटरचे असते. मिनिटाला १० लिटर लावले तर भरलेले अडीच तास चालते, अर्धे असेल तर सव्वा तास. निघण्यापूर्वी काटा बघितला नाही तर ऑक्सिजन वाटेतच संपतो.

तेव्हा कुठला आजार किती वेळ थांबू शकतो, त्यावर वाटणी व्हावी. अँजिओप्लास्टी, म्हणजे हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी उघडणे, बेळगावलाच बरी. ती जिथे करतात त्या कॅथलॅबला रोज काम नसेल तर यंत्र पडून राहते आणि डॉक्टरांचा हातही बसत नाही. पण छातीत दुखणारा माणूस आल्यापासून १० मिनिटांत ईसीजी काढणे आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देणे तालुक्यालाच झाले पाहिजे. कर्नाटक सरकारच्या पुनीत राजकुमार हृदयज्योती योजनेचा गाभा हाच आहे.

सर्पदंशात तर सुरुवातीला मोठ्या दवाखान्याचे कामच नसते. खानापूरकडे रोप लावणीच्या दिवसांत घोणस चावली, तर २ मिली रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचे, २० मिनिटे हलवायचे नाही, मग नळी तिरकी करून बघायची. रक्त पातळच राहिले तर विष भिनले आहे. मग एएसव्हीच्या, म्हणजे सर्पविषावरच्या औषधाच्या, १० व्हायल (कुप्या) सलाईनमधून तासाभरात. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण मूल आहे म्हणून साप विष कमी सोडत नाही. रिॲक्शन येऊ शकते, म्हणून ॲड्रेनालिन हाताशी हवे. चूक होते ती नळीपाशी. नळी प्लास्टिकची असली किंवा साबणाच्या पावडरीने धुतलेली असली, तर चांगले रक्तही गोठत नाही आणि नसलेल्या विषावर औषध खर्ची पडते. नाग-मण्यारच्या दंशात मात्र रक्त गोठते; तिथे पापण्या मिटू लागल्या का, श्वास मंदावला का, हे बघावे लागते.

रक्तसाठ्याचेही तसेच. लाल पेशींची पिशवी ३५ ते ४२ दिवस टिकते. तालुक्याला वापर कमी म्हणून साठाच ठेवायचा नाही, हा उपाय नव्हे. मुदत दोन आठवड्यांवर आली की पिशवी मोठ्या रक्तपेढीला परत द्यावी, ताजी आणावी.

प्रश्न पैशाचा येतोच. सरकारी आरोग्य योजनांचे पैसे उपचारामागे ठरतात. रात्रभर जागा राहिलेल्या, पण पेशंटच न आलेल्या भूलतज्ज्ञाला त्यात जागा नाही. हेस्कॉम या वीज कंपनीच्या लाईनमनला आपण तुटलेल्या तारा मोजून पगार देत नाही. तालुक्याच्या तातडीच्या विभागालाही पेशंट कितीही येवोत, वर्षाची ठरावीक रक्कम मिळावी. तपासणीत खाटा किती भरल्या हे विचारू नये. ईसीजी कितव्या मिनिटाला निघाला, भूलतज्ज्ञाविना किती रात्री गेल्या, हे विचारावे.

राहिली राज्याची हद्द. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी-कागवाडला महाराष्ट्रातले मिरज जवळ, निपाणीला कोल्हापूर, तर महाराष्ट्रातल्या चंदगडला बेळगाव. पेशंट त्याच वाटांनी जातात. खाटा ठरवताना नुसती जिल्ह्याची लोकसंख्या धरली, तर बेळगावात चंदगडचा पेशंट आगंतुक ठरतो आणि मिरजेला गेलेला अथणीकर बेळगावच्या कागदावर खाट अडवून बसतो.

– आरोग्य व्यवस्थापनातील एक वाचक, खानापूर