चमच्यावरची अक्षरं

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. सराफी पेढीवर वाढलेला तू, म्हणून हे तुलाच लिहितोय. इथे बॉस्टनजवळच्या जुन्या बाजारात चांदीचा एक चहाचा चमचा घेतला, साधारण 1840च्या सुमाराचा. पत्रा इतका पातळ की बोटांनी वाकेल. तोंडाची कड एकाच बाजूने झिजलेली. वापरणारे सगळे उजव्या हाताचे असणार. दांड्यावर वळणदार तीन अक्षरं, मागे सोनाराचं नाव.

तू आधी टंच विचारशील. नाणी आटवून घडवलेली ही चांदी. 1837पासून अमेरिकी नाण्याचा कस हजारात 900, इंग्लंडच्या प्रमाणित स्टर्लिंग चांदीचा 925. इंग्लंडसारखी हॉलमार्कची व्यवस्था इथे रुजलीच नाही, त्यामुळे सोनाराचं नाव हीच खात्री. बँका नव्हत्या तेव्हा लोक साठलेली नाणी सोनाराकडे नेऊन भांडी करून घेत. नाणं चोरीला गेलं की ओळख पटत नाही. नाव कोरलेल्या भांड्याची पटते.

मला धरून ठेवलं ते त्या नावांनी. अठराव्या शतकातल्या न्यू इंग्लंडच्या, म्हणजे बॉस्टनच्या आसपासच्या ईशान्य अमेरिकेतल्या, भांड्यांवर अक्षरांचा त्रिकोण असतो: वर आडनाव, खाली डावीकडे नवरा, उजवीकडे बायको. पुढे लग्नात मुलीला चमचे देत, त्यांवर बहुधा तिच्या माहेरच्या नावाची आद्याक्षरं. त्या काळच्या कायद्याने बायकोची चीजवस्तू नवऱ्याची होई. न्यूयॉर्कने तो कायदा 1848मध्ये बदलायला घेतला. चमच्यावर मात्र नाव तिचंच राही. आपल्याकडे रुखवतातल्या भांड्यांवर नावं घालतात, तसंच.

इथल्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये बॉस्टनचा सोनार पॉल रिव्हिअर याने 1768मध्ये घडवलेलं वाडगं आहे. इंग्रज सरकारपुढे न नमलेल्या मॅसॅच्युसेट्सच्या 92 लोकप्रतिनिधींच्या सन्मानार्थ ते केलं. वजन 45 औंस, म्हणजे आपले 120 तोळे. करवून घेणाऱ्या पंधराजणांची नावं त्यावर कोरली आहेत, सगळी पुरुषांची. वाडगं अप्रतिम आहे, पण माझं मन त्या त्रिकोणांतच अडकतं.

आणि मेरी लुईझ मॅके! एकेकाळी नेवाडातल्या खाणगावात शिवणकाम करणारी विधवा. तिचा दुसरा नवरा जॉन मॅके, गरीब आयरिश घरातला, तिथल्याच कॉमस्टॉक खाणींच्या चांदीवर गबर झाला. त्याने आपल्या खाणीतली अर्धा टन चांदी न्यूयॉर्कच्या टिफनी या सराफी पेढीकडे धाडली. चोवीसजणांच्या पंगतीसाठी हजाराहून जास्त नग घडले, आयर्लंडच्या तिपानी शॅमरॉकपासून अमेरिकी रानफुलांपर्यंत नक्षीने भरलेले. 1878मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ते मांडले होते. मला ती नक्षी जरा दाटीवाटीची वाटते. पण त्यावर तिची अक्षरं आहेत, याचा आनंद होतो.

एक काम कर. पेढीवर मोडीत आलेल्या जुन्या भांड्यावर बाईचं नाव दिसलं, तर आटवायच्या आधी नाव आणि गाव वहीत उतरवून ठेव. डिसेंबरात आलो की वही बघायला बसू. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच